धुक्यात भोंगा: कसा द्यायचा, कसा ऐकायचा

दोन बोटी धुक्यात समोरासमोर येताहेत. दोन्हींचा वेग 10 नॉट, म्हणजे तासाला 10 सागरी मैल. म्हणजे त्यांच्यातलं अंतर दर मिनिटाला सहाशे मीटरहून जास्त कमी होतंय. 20 मीटरपेक्षा लहान बोटीच्या भोंग्याचा पल्ला नियमांच्या परिशिष्टात अर्धा सागरी मैल, म्हणजे 926 मीटर धरलेला आहे. एवढं अंतर दीड मिनिटात संपतं. आणि भोंगा द्यायचा असतो जास्तीत जास्त 2 मिनिटांच्या अंतराने. घड्याळ लावून बरोबर दोन-दोन मिनिटांनीच भोंगा देत राहिलं, तर समोरच्याच्या कानावर तुमचा एकही भोंगा न पडता टक्कर होऊ शकते.

म्हणून 2 मिनिटं हे वेळापत्रक समजू नका, ती शेवटची मर्यादा आहे. रडारवर कोणी जवळ येताना दिसत असेल किंवा पुढून आवाज आला असेल, तर अर्ध्या-एक मिनिटाने भोंगा द्या. मात्र त्याहून घाई नको. मधली शांतता ऐकण्यासाठी आहे, आणि धुक्यात तुमचा जीव त्या शांततेतच जास्त वाचतो.

हे सगळं ज्या नियमांत आहे, ते समुद्रावरील टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम. 15 जुलै 1977 पासून ते लागू आहेत. धुक्यातल्या आवाजांसाठी नियम 35 आणि धुक्यात बोट कशी हाकायची यासाठी नियम 19. खुल्या समुद्रावर आणि त्याला जोडलेल्या, समुद्री जहाजं जाऊ शकतील अशा सगळ्या पाण्यात ते चालतात. कंटेनर जहाजाला जे नियम, तेच रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरलाही.

कधी सुरू करायचा

नियमात अमुक मैलांखाली दिसेनासं झालं की भोंगा द्या, असा आकडा दिलेला नाही. धुकं, धुरकट हवा, बर्फ, जोराचा पाऊस, वाळूचं वादळ किंवा तसंच काही, यामुळे दिसणं कमी झालं की झालं. आपल्याकडे धुक्याइतकीच पावसाची सर महत्त्वाची. ऑगस्टमध्ये बंदी उठून बोटी बाहेर पडतात तेव्हा सर भिंतीसारखी येते आणि काही मिनिटांत पुढचं काही दिसत नाही. हिवाळ्यात खाडीच्या तोंडाशी पहाटेचं धुकं बसतं. दोन्ही वेळी नियम सारखाच, दिवस असो वा रात्र.

किती दिसतंय याचा अंदाज डोळ्याने चुकतो. दुसरी बोट डोळ्यांना दिसायला लागली की त्याच क्षणी रडारवर तिचं अंतर बघा. तीच तुमची दृश्यता. रडार नसेल तर ओळखीचा बोया किंवा किनाऱ्यावरची खूण धरा. रात्री आपल्याच काठीवरच्या दिव्याभोवती प्रभा दिसू लागली, किंवा बाजूच्या दिव्याचा लाल-हिरवा उजेड हवेत पसरलेला दिसू लागला, तर धुकं तुमच्यापर्यंत आलेलं आहे.

नियमात धुक्याच्या 'आत किंवा जवळ' असा शब्दप्रयोग आहे आणि यातलं 'जवळ' फार लोक विसरतात. तुम्ही स्वच्छ हवेत आहात, पण शेजारी धुक्याचा पट्टा आहे. त्यातून कोणी बाहेर येत असेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. 25 जुलै 1956 च्या रात्री अमेरिकेच्या नॅंटकेट बेटाजवळ इटलीचं आंद्रेआ डोरिया हे प्रवासी जहाज धुक्यात होतं आणि स्टॉकहोम हे स्वीडिश जहाज स्वच्छ हवेतून त्या धुक्याच्या दिशेने येत होतं. दोघांनी एकमेकांना रडारवर पाहिलं होतं. तरी आंद्रेआ डोरिया 21 नॉटहून जास्त वेगाने चालत राहिलं आणि डावीकडे वळलं, स्टॉकहोम उजवीकडे वळलं. टक्कर झाली आणि दोन्ही जहाजांवर मिळून 51 माणसं गेली.

बोटीवर काय हवं

12 मीटर किंवा त्याहून लांब बोटीवर भोंगा हवाच. 20 मीटरपासून वर भोंग्याबरोबर घंटा. 100 मीटरपासून वर या दोन्हींबरोबर गाँग (ठोकून वाजवायची धातूची थाळी), आणि त्याचा आवाज घंटेहून वेगळा ओळखू यायला हवा. 12 मीटरपेक्षा लहान होडीला भोंग्याची सक्ती नाही, पण लांबून ऐकू येईल असं काहीतरी साधन ठेवावंच लागतं. नियमाचा पल्ला लांबीप्रमाणे ठरतो: 20 ते 75 मीटरच्या जहाजाला 1 सागरी मैल, 75 ते 200 मीटरला दीड मैल, 200 मीटर आणि वर 2 मैल. स्वरही लांबीप्रमाणे बदलतो. 200 मीटरच्या वरच्या जहाजाचा भोंगा 70 ते 200 हर्ट्‌झचा, म्हणजे छाती हादरवणारा खर्ज. 75 मीटरखालच्या बोटीचा 250 ते 700 हर्ट्‌झचा. खर्जातला आवाज आला की समोर मोठं जहाज आहे, हे कळायला याचा खूप उपयोग होतो.

हे पल्ले शांत हवेसाठी आणि ऐकणाऱ्या जहाजावर मध्यम गोंगाट असताना, तेही भोंग्याच्या तोंडासमोर मोजलेले आहेत. वारा सुटला की आकडे बरेच खाली येतात.

लहान बोटींवर बहुधा 12 व्होल्टचा विजेचा हॉर्न असतो. त्याची दुखणी ठरलेली. बारीक वायर टाकली की हॉर्नपर्यंत पुरेसा दाब पोचत नाही आणि आवाज चिरका होतो. जाड वायर आणि मध्ये रिले घाला. टर्मिनलवर हिरवट थर चढतो, तो घासून वर ग्रीस लावा. कर्ण्याचं तोंड वर असेल तर त्यात पावसाचं आणि उडालेलं पाणी साठतं, म्हणून तोंड पुढे आणि किंचित खाली ठेवा. जून-जुलै बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते, तेव्हा कुंभारीण माशी कर्ण्यात मातीचं घर करते. वरून काही दिसत नाही, बटण दाबलं की नुसती घरघर येते. हंगाम सुरू होण्याआधी कर्णा काढून आत हाताचं बोट फिरवून बघा.

गॅसच्या डब्याचा हॉर्न जवळ असावा, पण त्याच्यावरच भिस्त नको. 5 सेकंदांचा एक भोंगा दर 2 मिनिटांनी दिला तर तासाला 30 भोंगे, म्हणजे अडीच मिनिटं सलग आवाज. डबा लवकर संपतो. शिवाय लागोपाठ वाजवला की गॅस थंड पडतो, दाब उतरतो आणि भोंगा हळू होत जातो. एक राखीव डबा आणि तोंडाने फुंकायचा एक भोंगा केबिनमध्ये हाताशी हवा.

मोठ्या जहाजांवर भोंगा दाबाच्या हवेवर किंवा विजेवर चालतो. हवेच्या नळीत पाणी साठतं. ते ड्रेन कॉकमधून काढलं नाही तर पहिला भोंगा गुळण्या केल्यासारखा येतो आणि छोटा पडतो. निघण्याआधी ब्रिजवरचं (जहाज हाकायच्या खोलीतलं) बटण आणि हाताने ओढायची दोरी असेल तर ती, दोन्ही वाजवून बघा.

20 मीटर आणि वरच्या जहाजाच्या घंटेचं तोंड किमान 300 मिलिमीटर हवं, आणि लोळीचं (आतल्या ठोक्याचं) वजन घंटेच्या वजनाच्या निदान 3 टक्के. घंटेला रंग देऊ नका, रंगाच्या थराने तिचा नाद मरतो. ती मोकळी लटकलेली हवी. खांबाला टेकलेली घंटा वाजत नाही, नुसती ठकठकते.

कोणता भोंगा कोणाचा

छोटा भोंगा म्हणजे साधारण 1 सेकंद. लांब भोंगा 4 ते 6 सेकंद. सगळी भाषा या दोनांवर उभी आहे.

इंजिनावर चालणारी आणि पाणी कापत पुढे जाणारी बोट: एक लांब, 2 मिनिटांच्या आत पुन्हा.

इंजिनाची बोट, नांगर टाकलेला नाही पण पाण्यात थांबलेली: दोन लांब, मध्ये साधारण 2 सेकंदांची उसंत, तेही 2 मिनिटांच्या आत पुन्हा.

या दोनांत सगळ्यात जास्त चूक जीपीएसमुळे होते. नियम पाण्यातल्या गतीबद्दल बोलतो, जमिनीवरच्या नाही. इंजिन बंद करून तुम्ही ओहोटीबरोबर वाहताय, जीपीएस 2 नॉट दाखवतोय, तरी पाण्याच्या हिशेबाने तुम्ही थांबलेले आहात. दोन लांब द्या. उलट, भरतीच्या तोंडाला इंजिन चालवून तुम्ही जागच्या जागी उभे आहात, जीपीएस शून्य दाखवतोय, तरी पाणी कापताय. एक लांब द्या. इंजिन बंद केल्या केल्या दोन लांब द्यायला लागू नका. जडशीळ जहाज बराच वेळ पुढे सरकत राहतं. गती पूर्ण मेल्यावरच भोंगा बदला. मागे इंजिन चालवून गती मारत असाल तर पंख्याचा फेस जहाजाच्या मध्यापर्यंत आला की गती संपली, असा जुना अंदाज आजही कामी येतो.

एक लांब आणि दोन छोटे: हा आवाज अनेकांचा मिळून आहे. जिचा ताबा गेला आहे ती बोट, गाळ काढणाऱ्या ड्रेजरसारखं कामामुळे वळू न शकणारं जहाज, खोल बुडीमुळे फक्त खोल पाण्यातूनच जाऊ शकणारं जहाज, शिडाची बोट, मासेमारी करत असलेली बोट आणि दुसऱ्याला ओढणारी किंवा ढकलणारी बोट. ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की समोरचा सहज बाजूला होऊ शकत नाही. नेमकं कोण आहे हे कळत नाही, आणि त्याच्या मागे जाळं किंवा दोर पसरलेला असू शकतो हे धरूनच चालावं लागतं.

मासेमारीच्या बोटींनी इथे एक गोष्ट नीट धरावी. जाळं पाण्यात असेल आणि त्यामुळे वळता येत नसेल तरच तुम्ही या नियमात 'मासेमारी करणारी बोट' आहात. जाळं वर घेऊन बंदराकडे परतणारा ट्रॉलर इतर कोणत्याही इंजिनाच्या बोटीसारखाच आहे: एक लांब. गळाची दोरी मागे सोडून चालणारी बोटही मासेमारी करणारी धरली जात नाही. मात्र नांगर टाकून मासेमारी करणारी बोट घंटा न वाजवता एक लांब, दोन छोटे असाच भोंगा देते.

इंजिन बंद पडलेल्या बोटीला दुसऱ्या बोटीने ओढत आणणं आपल्या किनाऱ्यावर नवं नाही. अशा वेळी ओढणारी बोट एक लांब, दोन छोटे देते. तिचा भोंगा संपताच मागची बोट, तिच्यावर माणसं असतील तर, एक लांब आणि तीन छोटे देते. एकामागे एक जास्त बोटी असतील तर फक्त शेवटची. हे दोन भोंगे लागोपाठ आले म्हणजे ऐकणाऱ्याला दोघांमध्ये दोर ताणलेला आहे हे कळतं आणि तो मधून घुसत नाही. मागच्या बोटीच्या तांडेलाकडे (बोट चालवणाऱ्याकडे) भोंगा नसेल तर ओढायला सुरुवात करण्याआधी त्याला एक देऊन ठेवा.

नांगर टाकलेलं जहाज: दर मिनिटाच्या आत, साधारण 5 सेकंद घंटा जलद. 100 मीटर आणि त्यावर असेल तर घंटा पुढच्या भागात आणि लगेच पाठोपाठ मागच्या भागात 5 सेकंद गाँग. घंटा आणि गाँग यांच्यातल्या जागेत सबंध जहाज पसरलेलं आहे, हे लक्षात ठेवा. कोणी अंगावर येत असेल तर नांगरावरचं जहाज आणखी एक छोटा, एक लांब, एक छोटा असा भोंगा देऊ शकतं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याकडे जाताना नांगरावरच्या जहाजांच्या आसपास हा आवाज ओळखता यायलाच हवा.

रेतीवर रुतलेलं जहाज जलद घंटेच्या आधी तीन सुटे ठोके आणि नंतर पुन्हा तीन सुटे ठोके देतं. हे ऐकलं की त्याच्या दिशेने पाणी उथळ आहे हेही कळलं. पायलट बोट कामावर असताना आपल्या नेहमीच्या आवाजाबरोबर ओळखीसाठी चार छोटे भोंगे देऊ शकते.

12 ते 20 मीटरच्या बोटीला नांगरावर किंवा रुतल्यावर घंटेची सक्ती नाही, आणि 12 मीटरखालच्या होडीला यातल्या कुठल्याच ठरलेल्या आवाजाची सक्ती नाही. पण तसं केलं नाही तर 2 मिनिटांच्या आत दुसरा कुठलातरी ठळक आवाज द्यावाच लागतो. नांगरावर असताना पातेलं बडवा, लोखंडाचा तुकडा ठोका, चालेल. एक लांब भोंगा मात्र देऊ नका. ऐकणारा समजेल की तुम्ही चालताय, आणि तुम्ही सरकाल म्हणून वाट बघेल.

भोंगा देताना

भोंगा मनातल्या मनात नीट मोजा. 'एकशे एक, एकशे दोन' असं म्हणत पाचपर्यंत गेलं की साधारण 5 सेकंद होतात. घाईत लांब भोंगा 2-3 सेकंदांवर येतो आणि छोटा 2 सेकंदांचा होतो. मग एक लांब, दोन छोटे हा आवाज तीन सारख्या भोंग्यांसारखा ऐकू येतो, आणि तीन छोटे भोंगे म्हणजे 'माझं इंजिन मागे चालतंय'.

एक छोटा म्हणजे उजवीकडे वळतोय, दोन छोटे म्हणजे डावीकडे, पाच किंवा जास्त छोटे म्हणजे तुझा हेतू कळत नाही: हे भोंगे बोटी एकमेकांना डोळ्यांनी दिसत असतील तरच द्यायचे. फक्त रडारवर दिसणाऱ्या जहाजाला ते देऊ नका. धुक्यातून बोट बाहेर येऊन डोळ्यासमोर दिसली, की मग ते सुरू.

मोठ्या जहाजांवर धुक्याच्या भोंग्याला आपोआप वाजवणारा टायमर असतो. त्याचे दोन धोके. जहाज थांबलं, तरी टायमर एक लांबच देत राहतो, कारण बटण बदलायचं कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरं, समोरच्या जहाजाचाही टायमर तेवढ्याच अंतराने चालू असेल आणि दोघांची वेळ जुळली, तर तुम्ही वाजवता तेव्हाच तो वाजवतो आणि त्याचा भोंगा तुमच्या भोंग्याखाली बुडतो. पुढून आवाज आल्याचा संशय आला की टायमर बंद करून भोंगा हाताने, अंतर बदलत द्या.

ऐकताना

पहारा डोळ्यांनी आणि कानांनीही ठेवायचा, असं नियम 5 स्पष्ट सांगतो. ब्रिजची दारं-खिडक्या उघडा, एसीचा पंखा कमी करा, संगीत बंद. पहारेकऱ्याला इंजिनापासून लांब, नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) उभा करा आणि तो आणि तुम्ही एकमेकांशी कसे बोलणार हे आधी ठरवा. लहान बोटीवर इंजिनाच्या धडधडीत काहीच ऐकू येत नाही. म्हणून भोंगा दिला की इंजिन मंद करा आणि पुढचं अर्धं मिनिट कान लावा. जवळ कोणी असल्याचा संशय असेल तर थोडा वेळ इंजिन पूर्ण बंद करून ऐका.

पहारेकऱ्याने 'आवाज आला' एवढंच सांगून उपयोग नाही. काय ऐकलं, कुठल्या बाजूने, किती वाजता, आणि आधीपेक्षा मोठा की लहान, हे चारही सांगायचं. 'एक लांब, नाळेच्या थोडा उजवीकडे, मघापेक्षा मोठा' असं. दोन-तीन भोंगे झाले की त्यातून चित्र बनायला लागतं.

पण दिशेवर पूर्ण भरवसा ठेवू नका. 1870 च्या दशकात इंग्लंडच्या साउथ फोरलँडवर जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने धुक्याच्या इशाऱ्यांवर प्रयोग केले. स्वच्छ दिसणाऱ्या हवेतही आवाज काही ठिकाणी अनपेक्षितपणे मरतो आणि काही वेळा धुक्यातून चांगला जातो, हे त्यात दिसलं. हवेचे थंड-गरम थर आवाजाला वर किंवा खाली वाकवतात. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने येणारा आवाज डोक्यावरून निघून जातो. त्यामुळे भोंगा ऐकू आला नाही म्हणजे पुढे कोणी नाही, असं कधीच धरू नका. आवाजाला वेळही लागतो: एका सागरी मैलाला सुमारे साडेपाच सेकंद. दोन मैलांवरचा भोंगा तुमच्या कानावर येईपर्यंत जवळपास 11 सेकंद झालेली असतात.

पुढून भोंगा ऐकला की

सुरक्षित वेग आणि लगेच वापरता येईल असं तयार इंजिन, हे तर धुक्यात शिरतानाच हवं. समोरच्या अर्ध्या भागातून भोंगा आला आणि टक्करीचा धोका नाही याची पक्की खात्री झालेली नसेल, तर वेग इतका कमी करा की बोट जेमतेम सुकाणू ऐकेल. गरज पडली तर गती पूर्ण मारा. आणि धोका टळेपर्यंत फार जपून चाला.

आवाजाच्या दिशेवर विसंबून सुकाणू फिरवू नका. वळलात आणि अंदाज उलटा निघाला, तर स्वतःहून समोरच्याच्या वाटेत गेलात. रडारवर पुढच्या बाजूला कोणी स्पष्ट दिसत असेल आणि त्याच्यासाठी वळायचंच असेल, तर डावीकडे वळणं टाळा. तुम्ही मागून येऊन ज्याला मागे टाकताय, फक्त त्याच्यासाठी डावीकडे वळायची सूट आहे. बाजूला किंवा मागे असलेल्या जहाजाच्या दिशेने वळणंही टाळा.

'मी जाळं टाकलंय, मोठं जहाज बाजूला होईल' हा समज धुक्यात मनातून काढून टाका. कोणी कोणाला वाट द्यायची हे सांगणारा नियम 18 एकमेकांना दिसणाऱ्या बोटींसाठी आहे. एकमेकांना न दिसणाऱ्या बोटींना त्याऐवजी नियम 19 लागतो, आणि त्यात वेग कमी करण्याची, गरज पडली तर थांबण्याची जबाबदारी सगळ्यांवर सारखी आहे. व्हीएचएफ रेडिओवर बोलून वळणं ठरवण्यातही धोका आहे: 'माझ्या उजवीकडचं जहाज' म्हणजे नेमकं कोण हे धुक्यात पटत नाही, आणि तिसराच कोणी उत्तर देऊन बसतो. एआयएस (जहाजाचं नाव आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र) असेल तर नाव बघून बोलाल, पण लहान होड्यांवर एआयएस बहुधा नसतोच.

हवा स्वच्छ होऊ लागली तरी लगेच भोंगा थांबवू नका. तुम्ही बाहेर आलात, पण पट्टा मागेच आहे आणि त्यातून कोणीतरी तुमच्याच वाटेने येत असेल. तो पट्टा पुरेसा लांब गेला की थांबा, आणि भोंगा कधी सुरू केला, कधी बंद केला, मधे काय ऐकलं, हे नोंदवहीत लिहा.

बटण अडकून भोंगा वाजतच राहिला तर तो बंद करणारा फ्यूज किंवा हवेचा वॉल्व्ह कुठे आहे, हे बोटीवरच्या प्रत्येक खलाशाला अंधारातही सापडलं पाहिजे. धुक्याच्या साधनाचा न थांबणारा आवाज ही नियमांप्रमाणे संकटाची हाक आहे; तो ऐकून आसपासच्या बोटी आपलं काम टाकून धुक्यातून तुमच्याकडे निघतील.